नूरीच्या गालावरचा भोवरा

उकळत्या पाण्यातून काढलेलं गुलाबी तट्टू मेहरुननं फडक्यात धरलं, मान दोनदा इकडेतिकडे पिळली आणि मुंडी उपटून ताटलीत ठेवली. दारात उभ्या असलेल्या ताजुद्दीननं तोंड फिरवलं. सगळा जन्म खऱ्या घोड्यांच्या पायाशी काढलेला हा माणूस, पण प्लास्टिकच्या घोड्याची मुंडी उपटलेली त्याला बघवत नसे. आपल्या धाकट्या दिराची ही खोड मेहरुनला मनापासून आवडे, आणि तो येताना दिसला की ती हटकून एखादं तट्टू पाण्यात टाकी.

"आपली झाली का, भाभी?" त्यानं भिंतीकडे बघतच विचारलं.

तिनं मानेनंच खिडकी दाखवली. खिडकीत नूरी वाळत उभी होती. वीतभर उंचीची, पण ताजुद्दीनची घोडी नूरीच. चार दिवसांपूर्वी तीही बाजारातल्या बाकीच्या तट्टांसारखी होती. जांभळे केस, बशीएवढाले डोळे, मागच्या पुठ्ठ्यावर चांदणी. आता तिचा रंग दुधात चमचाभर चहा पडावा तसा झाला होता. कपाळावरचा पांढरा पट्टा नाकाशी येऊन जरा उजवीकडे कलला होता, मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा होता, आणि अकरा वर्षं पर्यटकांची पोरं वाहून पाठीला जो किंचित झोल आला होता तोही मेहरुननं सोडला नव्हता. आयाळीचा एकेक दोरा तिनं सुईनं टोचून आत घेतला होता.

ताजुद्दीननं ते खेळणं तळहातावर घेतलं आणि तो खुळ्यासारखा हसला. बघणारं कुणी नसतं तर त्यानं तिच्यापुढे चार हरभरेही धरले असते.

मेहरुन लोणावळ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात आया होती. बावीस वर्षं तिनं रुग्णांची अंथरुणं बदलली, भांडी उचलली, म्हाताऱ्यांना धरून चालवलं. हा घोड्यांचा नाद तिला दवाखान्यानंच लावला. कुण्या पोरीचं एक तट्टू वॉर्डात कॉटखाली राहून गेलं होतं. त्याचे केस कुणीतरी कात्रीनं बोडले होते, एक डोळा खरवडला होता. महिनाभर कपाटात ठेवूनही ते न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा मेहरुननं ते घरी आणलं. नेलपेंट काढायच्या औषधानं त्याचा रंग उतरवला, मुंडी उपटून आतले गुठळ्या झालेले केस चिमट्यानं ओढून काढले, भरतकामाचा दोरा भरला, आतून फेविकॉल ओतला. झालं ते तट्टू बघून तिचं तिलाच नवल वाटलं. मुलगी फलक तेव्हा बारावीत होती. ती म्हणाली, अम्मी, हा तर केरबाकाकांचा बादल घोडा झाला. आणि खरंच तो बादल झाला होता. मनात नसताना हातानं बादल केला होता.

हातानं करायलाच हवा होता. मेहरुनचा बाप खंडाळ्यात घोडे धरायचा. मेहरुन चालायला लागल्यापासून त्यानं तिचा अंगठा धरून घोड्याच्या अंगावरून फिरवला होता. इथं केस उलटे फिरतात बघ, हा भोवरा. गळ्याखालचा चांगला, अमक्या जागचा वाईट. घोडेवाल्याचं पोर घोडा डोळ्यांनी बघण्याआधी अंगठ्यानं वाचायला शिकतं. त्यामुळे मेहरुन खेळण्यावर घोडा उतरवायची तो सगळाच्या सगळा. पट्टा, पाय, जुनी जखम आणि भोवरे. एम-सीलचा बारीक थर देऊन सुईच्या टोकानं ती केसांची फिरकी कोरायची. पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकांना त्यातलं काही कळत नसे. आपलं पोर ज्या घोड्यावर बसलं तोच घोडा घरी आला एवढ्यावर ती खूश असत. पण स्टँडवरचे घोडेवाले खेळण्यावरून अंगठा फिरवत आणि मान डोलवत. सगळ्या लोणावळ्यात या कामात आपला हात धरणारं कुणी नाही हे मेहरुनला ठाऊक होतं, आणि ते सांगताना ती उगाच लाजतही नसे.

ताजुद्दीनचा अंगठा खेळण्याच्या मानेवरून वर सरकला आणि डाव्या डोळ्याखाली येऊन थांबला. त्याचं हसू गेलं.

"भाभी, हे कशाला केलं?"

"काय?"

"हा भोवरा."

"नूरीला आहे म्हणून केला," मेहरुन म्हणाली. "मी का पदरचा लावला?"

त्यानं खेळणं खाली ठेवलं आणि तो उंबऱ्यावर बसला. मग हळूहळू त्याच्या तोंडून सगळं बाहेर आलं. नूरीचा सौदा झाल्याचं मेहरुनला माहीत होतं. पाय दुखतात, घोड्यामागं पळवत नाही, आता एक टेम्पो घेऊन चालवतो, असं ताजुद्दीन वर्षभर म्हणतच होता. एकेक करून तीन घोडे विकले गेले, नूरी तेवढी राहिली होती. घेणारा शिरगावचा बाजीराव. त्याचा वरातीच्या घोड्यांचा धंदा. तो दोनदा येऊन घोडी बघून गेला होता, आणि दुसऱ्या खेपेला स्टँडवर मेहरुनची तट्टं बघून त्यानं नातीसाठी नूरीचंच एक करायला सांगितलं होतं. आज दुपारी दोन्ही न्यायला यायचा होता. एवढं सगळं मेहरुनला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशी ताजुद्दीननं नूरीच्या डोळ्याखालची तेवढी जागा मशीननं भादरली होती आणि वरून तोंडावर गोंड्यांची रुंद मोहरकी चढवली होती.

डोळ्याखालचा भोवरा म्हणजे आसूढाळ. असली घोडी मालकाला रडवते म्हणतात. ओझ्याला एखादा घेईल, पण वरातीला, नवरदेव बसवायला, कुणी दारात उभी करणार नाही.

मेहरुननं नूरीकडे बघून खेळणं केलंच नव्हतं. बाकीच्या घोड्यांना ती स्टँडवर जाऊन हात लावून यायची, वहीत टिपून घ्यायची. नूरी तिच्या अंगणात जन्मली होती, तिच्या हातावर जन्मली होती. तिच्यासाठी वही कशाला. त्यामुळे झालं असं की खऱ्या घोडीवर जे दिसत नव्हतं, ते वीतभर खेळण्यावर लख्ख दिसत होतं.

"त्याला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"त्यानं इचारलं न्हाई."

"तू भादरल्यावर तो काय विचारणार, ताजू?"

ताजुद्दीननं खेळणं तिच्याकडे सरकवलं. चिमूटभर एम-सील लावून तेवढी जागा बुजवा म्हणाला. खेळणंच तर आहे, पोरगी खेळेल आणि विसरेल, असंही म्हणाला. मग उठून कपडे झटकले. मोठ्या भावाच्या बायकोसमोर त्यानं आजवर आवाज चढवला नव्हता, आजही चढवला नाही.

"दोनला येतेत ते. तुमाला वाटंल तसं करा," एवढं म्हणून तो घोडीला पाणी दाखवायला मागं गेला.

मेहरुन खेळणं मांडीवर घेऊन बसली. तिला राग आला होता, पण तो नुसत्या लबाडीचा नव्हता. जनावराच्या बाजारात थोडीफार झाकपाक चालते हे तिला कुणी सांगायला नको होतं. राग वेगळ्याच गोष्टीचा होता, आणि ती गोष्ट अकरा वर्षं जुनी होती.

नूरी जन्मली आणि विसाव्या दिवशी मेहरुनचा नवरा गेला. दोन वर्षं त्याच्या किडन्या निकामी होत्या, आठवड्यातून दोनदा पुण्याला नेऊन रक्त धुवून आणावं लागत होतं. पण मयतीला आलेल्या लोकांनी अंगणात बांधलेलं शिंगरू बघितलं, त्याच्या डोळ्याखाली बघितलं, आणि कुजबुज सुरू झाली. चाळिसाव्या दिवसापर्यंत सगळ्या भांगरवाडीत झालं की घोडीनं मालक खाल्ला. घोडेवाल्यांतलेच चार जाणते घरी आले आणि शिंगरू आजच्या आज कुणाला तरी देऊन टाका म्हणाले. मेहरुन नवरा गेल्यानंतरच्या इद्दतीत होती, परक्यासमोर यायची नव्हती. ती पडद्याआडून बोलली, पण अंगणाबाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. माझा माणूस किडनीनं गेला, कागद दवाखान्याचे आहेत, ज्याला वाचायचे त्यानं वाचावे. घोडी कुठं जाणार नाही.

घोडी कुठं गेली नाही. अकरा वर्षं तिनं अख्ख्या महाराष्ट्राची पोरं पाठीवरून फिरवली, एकाला पाडलं नाही. मेहरुन हे ज्याला त्याला ऐकवायची. आणि आज आपल्याच घरात, आपल्याच हातानं तो भोवरा बुजवायचा म्हणजे अकरा वर्षांनी लोकांपुढे मान तुकवायची. झाकतो माणूस ते वाईट म्हणूनच झाकतो.

तरीही तिनं एम-सीलचं पाकीट फोडलं. ताजूचे पाय खरंच सुजायचे. दवाखान्यातून येताना तीच त्याला मलम आणून देई. भाऊ गेल्यावर त्यानं या घराकडे कधी पाठ फिरवली नव्हती. फलकचं शिक्षण, तिचं लग्न, सगळ्यांत तो न बोलता उभा होता. एक चिमूट लुकण म्हणजे काय मोठं. तिनं ते बोटांत मळलं, खेळण्याच्या गालावर दाबलं, ओल्या बोटानं सपाट केलं. काम नेहमीसारखंच सफाईचं झालं. कुणालाही समजलं नसतं.

ते खिडकीत ठेवून ती दुपारपाळीच्या तयारीला लागली. डबा भरला, दवाखान्याचा निळा कोट घडी करून पिशवीत घातला. मग वळून बघितलं तर खिडकीत एक छान, गोजिरवाणी घोडी उभी होती. तिला ती ओळखीची वाटेना. रंग तोच, पाय तेच, पट्टा तोच, पण ती कुणाचीही असू शकली असती. बाजारातलं गुलाबी तट्टू जसं कुणाचंही असतं तशी. बाहेर नूरी फुरफुरली. मेहरुननं पिशवी खाली ठेवली, सुई घेतली आणि लुकण घट्ट व्हायच्या आत सगळं खरवडून काढलं. जरा ओरखडा उठला तिथं ब्रशनं रंग लावला. भोवरा पहिल्यापेक्षाही खोल झाला.

दोनच्या सुमाराला बाजीराव आला. सत्तरीचा, ताठ, पांढरी टोपी आणि हाताला घोड्याच्या चामड्याचा कायमचा वास. त्यानं मेहरुनला नमस्कार केला, चहा घेतला, नातीचं कौतुक सांगितलं. पोरीनं झोपायच्या जागेशेजारी घोडीसाठी पुठ्ठ्याचा तबेला करून ठेवला होता म्हणे. ताजुद्दीन नूरीचा लगाम धरून अंगणात उभा होता. मेहरुननं खेळणं आणलं तेव्हा त्याची नजर आधी खेळण्यावर आणि मग तिच्या तोंडावर गेली. काय झालंय ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

बाजीरावानं तट्टू हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं. वा म्हणाला. पाठीचा झोल बघून हसला.

"आबा," मेहरुन म्हणाली, "डाव्या गालावरून अंगठा फिरवा."

म्हाताऱ्यानं फिरवला. पुन्हा फिरवला. मग तो उठला, अंगणात गेला, नूरीच्या तोंडावरची मोहरकी वर सारली आणि तोच अंगठा भादरलेल्या जागेवर ठेवला. नूरी शांत उभी होती. महिन्याभरात केसांची खुंटं वर आली होती, आणि उलटा फिरलेला केस खुंटातही उलटाच फिरतो.

"दोन डाव बघितली मी ही घोडी," तो ताजुद्दीनला म्हणाला. "पन्नास वर्सं धंदा केला. माजीच मला लाज वाटाया लागली."

मेहरुन पायरी उतरून पुढं आली. घोडी अकरा वर्षांची आहे, तिनं सांगितलं, जन्मापासून भोवरा आहे, आजवर तिनं कुणाला लाथ मारलेली नाही. माझा माणूस ती वीस दिवसांची असताना गेला. लोक तिला नावं ठेवतात. तुम्हाला हे बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. बँड वाजताना एखाद्या दिवशी घोडी बिचकली, नवरदेव घसरला, तर तेव्हा कुणीतरी तिचा गाल बघणारच. मग तिला हायवेच्या कडेला सोडून द्याल. तशा सोडलेल्या घोड्या मी बघितल्या आहेत.

बाजीरावानं तिचं सगळं ऐकून घेतलं. नूरीच्या मानेवर त्याचा हात तसाच होता.

"माजा न्हाई इस्वास, बाई," तो म्हणाला. "भोवऱ्यानं कुनी मरत न्हाई, मला ठावं हाय. पन नवरदेवाच्या आईचा असतुया."

म्हाताऱ्यानं मोहरकी नीट खाली ओढली, घोडीच्या मानेवर दोन थापा मारल्या. खेळणं मात्र त्यानं परत केलं नाही. रुमालात गुंडाळून बंडीच्या खिशात घातलं आणि मेहरुनला त्याचे पैसे दिले. नातीला काय सांगाल, असं तिनं विचारलं. खरी हाय तशी हाय, असं सांगन म्हणाला. फाटकाशी जाऊन तो थांबला, मेहरुनकडे वळून त्यानं पुन्हा एकदा नमस्कार केला. आल्यावर केला होता त्यापेक्षा जास्त वाकून केला. ताजुद्दीनकडे त्यानं बघितलं नाही.

गाडी वळणाआड गेली. पाळीला उशीर होत होता, पण मेहरुनचा पाय निघेना. ताजुद्दीन काहीतरी बोलेल, ओरडेल, आणि ते ऐकून घेणं आपल्याला भाग आहे, असं तिला वाटत होतं. तो ओरडला नाही. लगाम हातात धरून पायरीवर बसला आणि सुजलेला पाय पुढं लांब केला.

"टेम्पो घेशील तू," मेहरुन म्हणाली. "घोडी विकायची तर विक. मी आडवी येणार नाही. पण सांगून विक."

"टेम्पोसाठी न्हवतो इकत," तो म्हणाला.

मेहरुनला कळेना.

"रोज सकाळी उठून हिचं तोंड बघतो, भाभी. अकरा वर्सं झाली. भाईजान दिसत्यात." तो लगामाचं टोक बोटाला गुंडाळत होता. "तुमी सगळ्यांला सांगितलं, घोडीनं काय केलं न्हाई. लोकांनी ऐकलं. मी न्हाई ऐकलं. माजं मन कदीच ऐकलं न्हाई. भादरायला मशीन लावली तवा तोंड फिरवलं मी."

सगळ्या भांगरवाडीशी मेहरुन भांडली होती, जाणत्या घोडेवाल्यांना तिनं परत पाठवलं होतं, आणि आपल्याच अंगणात, आपल्या ताटाशेजारी बसून जेवणाऱ्या माणसाला तिनं कधी विचारलंच नव्हतं. त्यानं मान हलवली होती आणि तिनं तो होकार धरला होता.

"मग अकरा वर्षं हिला चारा का घातलास?"

"तुमी म्हनला म्हनून."

नूरीनं मान खाली केली आणि ती त्याचा खांदा हुंगू लागली. मेहरुन जवळ गेली. तिनं मोहरकीचा बंद सोडला, गोंडे बाजूला काढले आणि घोडीचं तोंड मोकळं केलं. मग खाली वाकून दिराचा हात धरला. बाप धरायचा तसा, अंगठ्याशी. आणि तो वर नेऊन नूरीच्या डाव्या डोळ्याखाली ठेवला. ताजुद्दीनचा हात आधी ताठला. तिनं सोडला नाही. नवीन केसांची खुंटं अंगठ्याखाली टोचत होती, घोडी डोळे अर्धे मिटून उभी होती, आणि थोड्या वेळानं मेहरुननं आपला हात काढून घेतला, तरी त्याचा तिथंच राहिला.